मा, एवढंच

१२ जानेवारी, रविवार

बघायला येणारी माणसं आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून येतात की कोडं सोडवायला, ते मला एकदा कुणीतरी सांगा. आज दुपारपासून मोहल्ल्यातल्या निम्म्या बायका आमच्या पलंगाभोवती बसून गेल्या. यांनी ‘मा’ म्हटलं की लगेच एकीने ओढणी डोळ्याला लावली. “आईला हाका मारतायत बिचारे.” मी म्हटलं, यांची आई जाऊन जमाना झाला, आणि जिवंत होती तेव्हा हे तिला ‘बाय’ म्हणायचे, मा कधीच नाही. तर मलाच म्हणते, “हव्वाबी, मरणाच्या दारात माणूस सगळी नावं विसरतो.”

मरणाच्या दारात? माझ्या घरात बसून, माझा चहा पिताना? मी तिच्या हातातला कप काढूनच घेतला. अर्धा भरलेला होता. मोरीत ओतला.

मग मुबीना ओरडली माझ्यावर. मुबीना म्हणजे माझी मुलगी, सुकापूरला दिलीय, रविवारी येते. म्हणाली, “अम्मी, लोकांशी भांडू नकोस, काय बोलायचं ते यात लिही.” आणि ही डायरी दिली. मेडिकलवाल्याची, गेल्या वर्षाची, फुकट मिळालेली. वार खोडून नवे घालते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण भांडण लिहिता येतं, हे आज कळलं.

तर लिहिते. डिसेंबरात यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं सगळं गेलं. जहाजावर भंडारी होते हे, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारे. किती बंदरांच्या किती भाषा तोंडात! मच्छीवालीशी भाव करताना चार देशांच्या शिव्या घालायचे आणि ती हसून मासे जास्त द्यायची. त्या तोंडात आता एक अक्षर राहिलंय. भूक लागली, मा. पंखा बंद करा, मा. माझ्यावर चिडले, मा.

१४ जानेवारी, मंगळवार

रेवा येऊन गेली. ही हॉस्पिटलने लावून दिलेली पोरगी, बोलायला आणि गिळायला शिकवते. गिळायला शिकवायचं असतं हे मला या वयात समजलं.

मी तिला विचारलं, बाई गं, या ‘मा’चा अर्थ काय तो सांग आणि मोकळी हो. ती म्हणाली, “आंटी, काहीच अर्थ नाही. मेंदूला मार बसला, त्यात एवढंच शिल्लक राहिलं. हो म्हणायचं तरी मा, नको म्हणायचं तरी मा. तुम्ही शब्द ऐकू नका. अंकलकडे बघा. हात बघा, डोळे बघा.”

मी म्हटलं, लग्नापासून बघतेच आहे. त्यातली अर्धी वर्षं फोटोत बघितलंय.

ती हसली. मग पाण्याचं परत सांगितलं. गिळताना यांचा गळा नीट मिटत नाही, म्हणून साधं पाणी पाजायचं नाही, ते फुप्फुसात उतरतं. पाण्यात ती पावडर घालून घट्ट करायचं, बसवून, हनुवटी खाली करून, चमच्याने द्यायचं. मी ढवळून बघितलं. पाणी नाही, शेंबूड दिसतो. यांनी एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं, माझ्याकडे बघून म्हणाले, मा. याचा अर्थ सांगायला रेवाची गरज नव्हती. दुसऱ्याच्या हातचं खराब जेवण यांच्यासमोर आलं की याच तोंडाने बघायचे.

१९ जानेवारी, रविवार

चिरनेरहून भगवानभाऊ आले. यांच्याबरोबर जहाजावर होते. येताना वालाच्या शेंगा आणल्या, जणू काही हे खाणार आहेत.

हे ‘मा’ म्हणाले तर भगवानभाऊ मांडी ठोकून म्हणतात, “भाभी, मना ठाव हाय हा काय बोलतंय. वियतनामला आमी अडकलो व्हतो, तिथं मा म्हंजे भूत. शकीलला कायतरी दिसतंय.”

“घरात मी एकटीच असते,” मी म्हटलं. “मग भूत म्हणजे मीच.”

“तसा नाय वो भाभी! मंग इटलीचा असंल. आमचा इटलीवाला कॅप्टन हर गोष्टीला आदी ‘मा’ बोलायचा. म्हंजे ‘पन’. शकील, जेवान झ्याक हाय, मा… आन मंग घंटाभर चुका काढायचा.”

यावर हे हसले. डावीकडचं अर्धं तोंड हसलं, पण हसले. डिसेंबरानंतर पहिल्यांदा. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली.

बाहेर आले तर दोघांच्या गप्पा चाललेल्या. भगवानभाऊ बोलतात, हे मध्येच मा म्हणतात, ते “हां ना!” म्हणतात, परत सुरू. मी विचारलं, तुम्हाला काय कळतं हो?

“कायच नाय कलत. जहाजावर तरी कुनाचा काय कलायचा? तोंड बगाचा त्याचा.”

पुरुषांचं बरं असतं. येऊन तोंड बघून जायचं. धुवायचं मी.

२४ जानेवारी, शुक्रवार

हमझाचा, माझ्या मुलाचा, व्हिडिओ कॉल आला. दोहात असतो, शुक्रवारी सुट्टी. हे फोनकडे बघून मा, मा, मा म्हणायला लागले. हमझाचा चेहरा एकदम बदलला. “अम्मी, अब्बा पाणी मागतायत! अरबीत मा म्हणजे पाणीच. इथे सगळे तसंच म्हणतात. अब्बा किती वर्षं या बाजूला जहाजावर होते, डोक्यात तेच राहिलं असणार.”

एवढे दिवस माणूस पाणी मागतोय आणि मी त्याला खळ पाजतेय.

मी पावडरचं सांगितलं. हमझा म्हणाला, “पावडरचं देतच राहा, पण थोडं साधं दिलं तर काय होतं? घोट घोट. पाण्यासाठी माणूस तरसवायचा का?”

नाही तरसवायचा. मी काय करबलाचा यजीद आहे, घरात पाणी असून माणसाला पाणी न देणारी?

संध्याकाळी चमचाभर साधं पाणी दिलं. घेतलं. थोडं खोकले. थंडीचा खोकला मलाही आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

रेवाने विचारलं, “आंटी, साधं पाणी नाही ना देत?” मी नाही म्हटलं. चमचाभर म्हणजे काय पाणी झालं? तिने हमझाचं बोलणं ऐकलं असतं तर तिलाही पटलं असतं, पण सांगायला गेले की भाषण देणार. तिचं वय काय, माझं काय.

तिच्या बहिणीचं लग्न आहे नाशिकला, दोन आठवडे येणार नाही. जाताना म्हणाली, फोन करीन, आवाजाकडे लक्ष ठेवा.

२ फेब्रुवारी, रविवार

आज घरात झमझम आलं. माझा मामेभाऊ मक्केला उमरा करून आला, त्याने बाटली पाठवली. मोहल्ल्यात तो एकेकाला चहाच्या कपाएवढं देतो, यांच्यासाठी अख्खी बाटली. शिफा होते त्याने, आजार उतरतो.

मुबीना पावडरचा डबा घेऊन आली. मी म्हटलं, ठेव तो खाली. झमझममध्ये पावडर घालतेस? मेडिकलमधला भुगा? मक्केहून आलेल्या पाण्यात? ती म्हणाली, “अम्मी, रेवाने सांगितलंय.” मी म्हटलं, रेवाला काय माहीत झमझम काय असतं! मग तिने डबा खाली ठेवला. तिचंही मन होईना, मला दिसत होतं.

यांना बसवलं, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं. बिस्मिल्ला म्हटलं. चमच्याने कशाला, पाणी मानाने द्यायचं, म्हणून छोट्या वाटीने ओठाला लावलं. पहिल्या घोटाला मा म्हणाले. दुसऱ्याला डावा हात वर आला आणि वाटीवर आपटला, थोडं सांडलं. हात असा थरथरतो त्यांचा. मी हात धरून ठेवला खाली आणि उरलेलं पाजलं. मा, मा करत होते. मुबीना म्हणाली, “बघ किती तहानले होते.”

खूप खोकले. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी यांना नमाजाला कधी रडताना बघितलं नाही, बायच्या मयतीला नाही. आज झमझमला रडले.

मीही रडले. हमझाला फोन करून सांगितलं. तोही.

५ फेब्रुवारी, बुधवार

रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर एक वाटी. हे वाटी बघितली की तोंड मिटून घेतात. लहान मुलासारखे झालेत. गालाला बोट लावलं की उघडतं. शिफा अशी एका दिवसात होत नाही.

घशातून आता वेगळा आवाज यायला लागलाय. मा म्हणतानाही आत गुरगुरतं. मला वाटतं गळा मोकळा होतोय, दुसरा शब्द यायची तयारी असेल.

रेवाचा फोन आला. विचारते, “अंकलचा आवाज ओला वाटतो का?” मी म्हटलं, आवाज ओला कसा असेल, धुऊन वाळत घातलाय काय? ती हसली नाही. म्हणाली, “आंटी, नीट ऐका, घशात पाणी असल्यासारखं वाटलं तर लगेच डॉक्टरकडे न्या.” मागे लग्नाचा बँड वाजत होता, तिला तरी काय ऐकू येणार. मी बरं म्हणून ठेवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

अंग तापलंय. हवा बदलतेय, सकाळी गार, दुपारी ऊन. तापाची गोळी कुटून घट्ट पाण्यात दिली. झमझमही दिलं, बाटली संपत आली.

आज मा म्हणाले नाहीत फारसं. बघत राहिले. मी म्हटलं, काय बघता, पाणी दिलं तेच तर मागत होतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

हॉस्पिटल. ओठ निळे पडले सकाळी. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं होतं. नवीन पनवेलला पोचेपर्यंत मी एकच म्हणत होते, मा म्हणा, मा म्हणा. नाही म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर तरुण आहे. एक्स-रे खिडकीला धरून दाखवला. काळं असायला हवं तिथे पांढरं. “न्यूमोनिया. पाणी फुप्फुसात गेलंय, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. घरी साधं पाणी कोणी देत होतं का?”

मुबीनाने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

मी म्हटलं, मी देत होते.

“तुम्हाला सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

मग काय सांगू त्याला? अरबीत पाणी म्हणतात म्हणून? तो माणूस ‘ओके’ म्हणून पुढच्या पलंगाकडे गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर बसले आणि मग तो हात आठवला. थरथरत नव्हता तो. थरथरणारा हात वाटीवर नेमका असा बसत नाही. ते वाटी ढकलत होते. मी धरून ठेवला. शिफा व्हावी म्हणून धरून ठेवला आणि बिस्मिल्ला म्हणून ओतत राहिले. त्या दिवशी ते रडले म्हणून मी गावभर सांगितलं. गुदमरत होते.

हमझाला सगळं सांगितलं. मुबीना म्हणत होती, आत्ता नको, परदेशात एकटा आहे. मी म्हटलं, लपवायचं नाही. तो रडायला लागला, “अम्मी, मीच सांगितलं.” मी म्हटलं, तू सांगितलंस, पाजलं मी. रडणं बंद कर आणि तिकिटाचं बघ. सुट्टीचं विचारतो म्हणाला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शबे-बरात झाली. घरोघरचा हलवा हॉस्पिटलात आला, डबेच्या डबे. नर्सबाईंना वाटला. जहाज सोडून घरी असले की मोहल्ल्याचा चण्याच्या डाळीचा हलवा हेच करायचे, बायकांना चुलीजवळ येऊ द्यायचे नाहीत. आता नाकात नळी आहे, त्यातून पांढरं पातळ काहीतरी जातं. वास आला असेल का हलव्याचा? नाकपुडी जरा हलली. की मीच परत माझ्या मनाचं त्यांच्या अंगावर चिकटवतेय?

१६ फेब्रुवारी, रविवार

ताप उतरला. ऑक्सिजन कमी केला. आज आवाज आला, मा. खोल, बारीक.

पलंगाजवळ आंध्रची नर्स होती, लगेच खूश होऊन म्हणाली, “आंटी, हमारी बोली में मा मतलब ‘हमारा’! अंकल आपको हमारा बोल रहे हैं.”

मी तिला म्हटलं, बेटी, बस. चांगली पोरगी आहे, पण बस.

भगवानभाऊ आले होते. यांचे पाय दाबत बसले. निघताना म्हणाले, “भाभी, तुमी मुद्दामून नाय केलाव.” मी म्हटलं, मुद्दाम केलं नाही, पण केलं मीच, तुम्ही आता माझी समजूत घालू नका. ते म्हणाले, “बरा,” आणि उभेच राहिले. मग जाताना यांच्या डोक्यावरून हात फिरवला. रडू आलं असावं, शर्टाने नाक पुसत गेले.

संध्याकाळी डॉक्टरने मुबीनाला आणि मला बसवून सांगितलं. गिळणं आधीपेक्षा खराब झालंय. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवायची, सगळं जेवणखाण त्यातून. तोंडाने काही नाही, कदाचित कधीच नाही. किंवा नळी न बसवता घरी न्यायचं, तोंडाने थोडं थोडं द्यायचं, आणि मग हे असं परत होईल, केव्हा ते सांगता येत नाही. परत झालं तर यातून उठतील असं तो म्हणाला नाही.

“गुरुवारी सकाळी राऊंडला येतो,” म्हणाला. “तोपर्यंत ठरवून सांगा.”

मुबीना म्हणते नळी बसवू. हमझा आधी नळी म्हणाला, मग म्हणाला अब्बांना चवीशिवाय ठेवायचं म्हणजे, आणि मग म्हणाला, अम्मी, तूच ठरव. सुट्टी पुढच्या महिन्यात मिळेल म्हणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रेवा आली. हाताची मेंदी अजून उतरली नाही. मी वाट बघत होते की ही बोलेल, मी सांगितलं होतं आंटी, असं. नाही बोलली. यांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, “आंटी, अंकलना विचारलं का कोणी?”

कोणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरने मला विचारलं, मी पोरांना, पोरांनी परत मला. ज्याच्या पोटाला भोक पाडायचं त्याला सोडून सगळ्यांना विचारून झालं.

“त्यांना समजतं?” मी विचारलं.

“सगळं समजतं. बोलता येत नाही एवढंच.”

सगळं समजतं. म्हणजे वाटी आणली तेव्हाही समजत होतं. मी हात धरला तेव्हाही. रेवा गेल्यावर मी बराच वेळ त्यांच्याकडे बघायचं टाळलं. औषधांच्या बाटल्या सरळ केल्या, चादर ओढली, खिडकी लावली, परत उघडली.

मग खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं, जसं डॉक्टरने सांगितलं तसं. साखर घातली नाही. पोटाचं भोक सांगितलं, तोंडाने कधीच नाही हे सांगितलं, नळी नको म्हटलं तर काय होईल तेही सांगितलं. वाटीचंही सांगितलं. म्हटलं, तुम्ही ढकलत होतात, मला कळलं नाही, मी पाजलं. यांनी डोळे हलवले नाहीत. मग म्हटलं, नळी हवी तर पोटावर हात ठेवा, नको तर तोंडावर ठेवा.

डावा हात चादरीवरून उचलला. हात वर आला आणि माझ्या मनगटावर बसला, घट्ट. मा म्हणाले.

दुसरी कोणी असती तर यातून काहीतरी काढलं असतं. माफ केलं म्हणाली असती. मोहल्ल्यातल्या त्या बायकांना दिलं तर आठवडाभर पुरेल. मी नाही काढणार. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. परत विचारते. तर यांनी डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग मला कळतं, जहाजावरून आल्यावर भांडण टाळायला हेच करायचे.

तेव्हा मिटलेल्या डोळ्यांना सांगितलं ते इथेही लिहिते. ऐका, हमझाचे अब्बा. तुमच्या वतीने मी एकदा ठरवलं, त्याचं काय झालं ते तुमच्या छातीत आहे. परत नाही ठरवणार. हमझा ठरवणार नाही, मुबीना ठरवणार नाही, कुठल्या देशाची भाषाही ठरवणार नाही. परवा सकाळी डॉक्टर येईल आणि माझ्यापुढे सहीचा कागद धरेल. उद्याचा अख्खा दिवस तुमच्याकडे आहे. रागवा, तोंड फिरवा, हात झटका, थुंका माझ्यावर, मी पुसून परत विचारीन. पोट की तोंड, ते उद्या बुधवारी, दिवस बुडून मगरिब व्हायच्या आत, मला सांगा.